पेटीतून न जाणारी विद्या

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात नृत्यशिक्षणासारखा विषय निवडला जावा याचे काही सभासदांस नवल वाटले असेल. ग्रंथालयाचे नाते अक्षरांशी आणि नृत्याचे पावलांशी. या दोहोंची गाठ कोठे पडावी? परंतु बडोद्यासारख्या नगरीत ही गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलास वाचावयास काही नसेल तर तो शिकलेले विसरेल, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण केले आणि ग्रंथालयांचे जाळे विणविले. त्या योजनेतील सर्वांत मोलाची कल्पना फिरत्या वाचनालयाची होती. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरावयाची, ती गावी पाठवावयाची, गावकऱ्यांनी वाचून परत करावयाची आणि मग दुसरी पेटी यावयाची. वाचक ग्रंथापर्यंत पोहोचू शकत नसेल तर ग्रंथाने वाचकापर्यंत गेले पाहिजे, हे तत्त्व त्या पेटीने रुजविले.

आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो त्याच तत्त्वाच्या पुढच्या पायरीवरचा आहे. जी विद्या पेटीत भरता येत नाही, तिचे काय? नृत्य ही अशी विद्या आहे. ती एका देहातून दुसऱ्या देहात जाते. शिकविणारा समोर उभा राहिला, त्याने पाऊल आपटले आणि शिकणाऱ्याने ते तसेच आपटून पाहिले, तरच ती पुढे सरकते. झोपडवस्तीतील, पाड्यावरील, आश्रमशाळेतील किंवा बालगृहातील मुलामुलींपर्यंत ही विद्या न्यावयाची असेल, तर माणूस पाठवावा लागतो आणि तो तेथे टिकून राहावा लागतो. हा प्रश्न व्यवस्थेचा आहेच; परंतु त्याआधी तो एका जुन्या ऋणाचा आहे. त्या ऋणाची हकीगत तंजावरपासून सुरू होते.

तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे मराठी राज्य होते, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. दुसरे सरफोजीराजे यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी नृत्याच्या प्रयोगास जी शिस्त लावली, तीच आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा कणा आहे. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा क्रम त्यांचा. त्या दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या अशा मराठी नृत्यरचनांचे ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हे बाड तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केले आणि पुढे ते छापूनही काढले. ही शब्दसंपदा वाचली ती एका ग्रंथालयामुळे, हे शताब्दीच्या प्रसंगी अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

परंतु शब्द म्हणजे त्या विद्येचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग ज्यांच्या देहात होता, त्या स्त्रिया देवदासी आणि राजदासी कुलांतील होत्या. त्यांना शिकविणारे नट्टुवनार त्याच समाजातील पुरुष होते. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि कलावंतांचा आश्रय तुटला. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या राजघराण्याच्या नात्यातील लक्ष्मीबाई, म्हणजे बडोद्याच्या पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब, यांच्याशी झाला. या संबंधामुळे तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार आणि वादक बडोद्यास आले व दरबारच्या कलावंत खात्यात त्यांची नेमणूक झाली. गौरा आणि कांतिमती या नर्तकींची नावे बडोद्याच्या कलेच्या इतिहासात राहिली आहेत. तमिळ आणि तेलुगू पदांवर त्या अभिनय करीत. त्याचबरोबर पतंग उडविण्याच्या आविर्भावाचे त्यांचे नृत्यही लोकप्रिय होते. संक्रांतीस आकाश पतंगांनी भरणाऱ्या या प्रदेशात ते नृत्य रंगले यात आश्चर्य नाही.

या स्त्रियांचे समाजातील स्थान काय होते? त्यांच्या कलेला दरबारात मान होता. त्यांच्या घराला मात्र मान नव्हता. त्यांना सणसमारंभास बोलावले जाई. सोयरीक जोडण्यास कोणी त्यांच्या दारी जात नसे. ताल, लय, संस्कृत श्लोक, अनेक भाषांतील पदे आणि त्यांचे अर्थ एवढे ज्ञान असलेली स्त्री त्या काळी अन्य घरांत क्वचितच आढळली असती. तरीही तिच्या ज्ञानास कोणी शिक्षण असे नाव दिले नाही. ज्यांना आज वंचित म्हटले जाते अशा समाजाकडे नृत्याची संपूर्ण विद्या होती आणि तथाकथित प्रतिष्ठित घरांत ती नव्हती, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

पुढे चित्र उलटे झाले. देवदासी प्रथेत मुलींचे शोषण होत होते, यात शंका नाही. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्या सुधारकांनी त्याविरुद्ध जो लढा दिला, तो न्यायाचा होता. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये, मद्रास प्रांतात १९४७ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये कायदे झाले. मुली देवाला वाहणे हा गुन्हा ठरला, ते योग्यच झाले. परंतु प्रथा आणि विद्या या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की प्रथेवर घाव घालताना विद्याही त्या घरातून निघून गेली. १९३१ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कल्याणीच्या मुलींचे नृत्य आपल्या मंचावर केले. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्रथम जाहीर नृत्य केले व १९३६ मध्ये ‘कलाक्षेत्रा’ची स्थापना झाली. ‘सदिर’ या नावाऐवजी ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले. सुशिक्षित घरांतील मुली नृत्य शिकू लागल्या, आणि त्यांना शिकविण्यास नट्टुवनार गुरू मिळाले. ज्यांच्या आयाआज्यांनी ही विद्या सांभाळली होती, त्या मुलींच्या पायांतील घुंगरू मात्र घरच्याच वडीलधाऱ्यांनी उतरविले; कारण त्यांच्यासाठी नृत्य म्हणजे पुन्हा तोच कलंक होता.

याला अपवाद झाले. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांनी कुळाचा वारसा न लपविता जगभर मान मिळविला. बडोद्यात, तंजावरहून आलेल्या कलावंतांच्या घराण्यात १९१६ मध्ये जन्मलेले कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडविल्या. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य हा पदवीचा विषय झाला, ही त्या काळी देशातही नवलाचीच गोष्ट होती. विरालिमलैच्या मुरुगन मंदिरात लहानपणी वाहिल्या गेलेल्या मुथुकन्नम्माळ यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या वार्धक्यात पोहोचल्या होत्या. त्यांच्या वयाच्या कितीजणी तोवर अनामिकपणे गेल्या असतील, याची गणती कोण करणार?

मराठी मुलखातही असेच घडले. गोमंतकातील कलावंत समाजाने शिक्षणाच्या आणि संघटनेच्या बळावर स्वतःची उन्नती करून घेतली. त्या समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या. गाणे प्रतिष्ठेच्या मैफलीत जाऊन पोहोचले. नृत्य मात्र मागेच राहिले, कारण प्रतिष्ठेसाठी प्रथम त्याचाच त्याग करावा लागला. महाराष्ट्रात लावणीची आणि तमाशाची परंपरा कोल्हाटी, मांग, महार या समाजांतील कलावंतांनी चालविली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले. त्यांचे अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले. लावणीची स्पर्धा आज कोणत्याही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात होते. परंतु फडावर जन्मलेल्या मुलीस त्याच महाविद्यालयाची पायरी चढताना काय सोसावे लागते, हे किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनाने ज्यांचे मन हलविले, त्यांना निराळे सांगावयास नको.

हा इतिहास एवढ्याचसाठी सांगावयाचा की, वंचित मुलांना नृत्य शिकविण्याच्या कार्यास ‘उपकार’ म्हणण्याची सवय सुटावी. जे घेतले गेले त्यातले थोडे परत करावयाचे आहे, असे मानले म्हणजे शिकविणाऱ्याच्या बोलण्यातला सूर बदलतो, आणि वर्गाची रचनाही बदलते.

आजचा नृत्यवर्ग कोणासाठी उघडा आहे, हे पाहावे. महिन्याची फी हा पहिला अडसर. परंतु तो एकमेव नव्हे. वर्ग शहराच्या सुस्थित भागात असतो. जाण्यायेण्याचा खर्च असतो आणि संध्याकाळी मुलीस पोहोचवून आणणारे मोठे माणूस लागते. आईबाप दोघेही मजुरीवर असतील तर ते माणूस आणावयाचे कोठून? सरावासाठी साडी हवी, घुंगरू हवेत, परीक्षेचे शुल्क हवे. काही वर्षांनी अरंगेत्रमची वेळ येते तेव्हा पोशाख, दागिने, सभागृह आणि साथीदारांचे मानधन असा खर्च उभा राहतो की मध्यमवर्गीय पालकही क्षणभर थबकतात. याखेरीज एक अडसर दिसत नाही, पण जाणवतो. वर्गातील भाषा, पुराणकथांचा परिचय, डब्यातील पदार्थ, आडनाव, या साऱ्यांतून नव्याने आलेल्या मुलीस हळूहळू कळत जाते की ही जागा आपल्यासाठी नाही. ती एक दिवस येत नाही. दुसऱ्या आठवड्यातही येत नाही. आणि मग हजेरीपटावरून तिचे नाव नाहीसे होते.

ही भिंत ओलांडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांतील एकाचा धागा जुन्या बडोदे संस्थानाशीच जुळतो. संस्थानच्या नवसारी प्रांतातील नवसारी गावी १९४७ मध्ये जन्मलेले अस्ताद देबू यांनी कथक आणि कथकली या दोन्ही शैलींचे शिक्षण घेतले व स्वतःची आधुनिक नृत्यभाषा घडविली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी कोलकात्याच्या ‘अ‍ॅक्शन प्लेअर्स’ या कर्णबधिर कलावंतांच्या संस्थेबरोबर काम केले. पुढे चेन्नईच्या कर्णबधिर विद्यार्थिनींना घेऊन त्यांनी देशोदेशी प्रयोग केले. ज्यांस ऐकू येत नाही त्यांस नृत्य कसे शिकवावयाचे? देबूंनी मोजणीवर भर दिला. मात्रा डोळ्यांनी टिपावयाच्या, सहकाऱ्याच्या हालचालीवरून वेळ ओळखावयाची आणि अंतर्यामी मोजत राहावयाचे. याला सामान्य वर्गाहून कितीतरी अधिक वेळ लागतो. तो वेळ त्यांनी वर्षानुवर्षे दिला. दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधील रस्त्यावर वाढलेल्या मुलांनाही त्यांनी असेच शिकवून रंगमंचावर आणले. या मुलांचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या प्रयोगाइतक्याच काटेकोरपणे बसविला; प्रेक्षकांच्या दयेवर तो कधी विसंबून ठेवला नाही. २०२० च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण कोलकात्याचे. २००४ मध्ये सोहिनी चक्रवर्ती यांनी ‘कोलकाता संवेद’ ही संस्था स्थापन केली. देहविक्रयाच्या जाळ्यातून सोडविलेल्या मुलींसाठी नृत्य आणि हालचाल यांचा उपचार म्हणून उपयोग करणे हे तिचे कार्य. ज्या मुलीचा देह दुसऱ्यांनी वापरला, तिला स्वतःच्या देहाची लाज वाटते; खांदे आवळलेले, मान खाली, पाऊल अर्धवट टाकलेले. हात पूर्ण पसरणे, जागा व्यापणे, ताठ उभे राहून समोरच्याकडे पाहणे, इथून तेथील शिक्षणाची सुरुवात होते. त्या संस्थेतील विशेष गोष्ट अशी की शिकलेल्या मुलींतूनच पुढच्या शिक्षिका तयार झाल्या. विद्या मिळाली, ती टिकली आणि तिच्यावर चरितार्थही उभा राहिला.

तिसरे उदाहरण तंजावरच्याच परंपरेतील आहे. मदुरैच्या नर्तकी नटराज या तृतीयपंथी म्हणून घराबाहेर पडलेल्या. तंजावर बंधूंच्या वंशातील गुरू के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले, वर्षानुवर्षे शिकविले आणि ‘नर्तकी’ हे नावही दिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या परंपरेला एकेकाळी समाजाने दूर लोटले, तिच्याच एका वृद्ध गुरूने समाजाने दूर लोटलेल्या व्यक्तीस जवळ केले, यात एक संगती आहे.

परदेशातील दोन उदाहरणेही विचारात घ्यावीत. न्यूयॉर्कमध्ये साधारण स्थितीत वाढलेले झाक द’अम्ब्वाज नामवंत बॅले नर्तक झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी ‘नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट’ काढली. मुलांनी नृत्यशाळेत यावे असे न म्हणता त्यांनी शिक्षकच सार्वजनिक शाळांत पाठविले. शाळेच्या वेळातच आणि विनाशुल्क वर्ग भरू लागले. पोहोचविण्याआणण्याचा, फीचा आणि ‘ही जागा आपली नव्हे’ या भावनेचा, असे तिन्ही अडसर एकाच उपायाने कमी झाले. याउलट बर्लिनमध्ये २००३ साली तेथील फिलहार्मनिक वाद्यवृंदाने नानादेशीय सुमारे २५० शाळकरी मुलांकडून स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावर नृत्य बसवून घेतले. नृत्यदिग्दर्शक रॉयस्टन माल्डूम यांची शिस्त आणि मुलांत झालेला पालट २००४ च्या एका गाजलेल्या माहितीपटात दिसतो. प्रयोग देखणा झाला. परंतु काही आठवड्यांच्या तालमीनंतर पडदा पडला म्हणजे पुढे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमास विचारलाच पाहिजे. पेटी एकदाच पाठविली आणि पुन्हा पाठविलीच नाही, तर त्यास फिरते वाचनालय म्हणत नाहीत.

प्रत्यक्ष वर्ग कसा असावा, हे आता पाहू. भरतनाट्यमचा पहिला धडा तट्टडवुचा. गुडघे बाहेर वळवून अर्धे बसावयाचे, म्हणजे अरमंडी. आणि ‘तैया तै’ या बोलावर तळपाय सपाट आपटावयाचा. गुरू लाकडी पट्टीवर दांडक्याने ताल देतात. प्रथम विलंबित, मग दुप्पट, मग चौपट लय. कथकात हेच काम ‘ता थेई थेई तत्’ हा तत्कार करतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे कंटाळवाणे वाटते. परंतु ज्या मुलीच्या दिवसात कोणतीच गोष्ट ठरल्या वेळी होत नाही, पाणी केव्हा येईल ठाऊक नाही, वडील केव्हा येतील ठाऊक नाही, तिला आठव्या मात्रेनंतर पुन्हा पहिली मात्रा येणारच, हा विश्वास मिळतो. ती मोजावयास शिकते, थांबावयास शिकते, शेजारणीच्या पावलाशी पाऊल जुळविते. डावे-उजवे, दुप्पट-चौपट हे तिला पाटीवर समजण्याआधी पायांत समजते.

यासाठी लागणारी साधने फार नाहीत. पण जी लागतात त्यांत तडजोड चालत नाही. नुसत्या सिमेंटच्या कोब्यावर रोज पाय आपटले तर गुडघे आणि टाचा दुखावतात. सारवलेली माती किंवा लाकडी तक्तपोशी बरी. मुलींना कपडे बदलण्यास आडोसा हवा आणि स्वच्छतागृह हवे. उपाशी मुलाकडून अरमंडी होत नाही, म्हणून वर्गापूर्वी मूठभर शेंगदाणे-गूळ तरी हवाच. वर्गाची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळलेली हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे, शिक्षिकेस नियमित व पुरेसे मानधन हवे. सेवाभावाने आलेली शिक्षिका सहा महिन्यांनी परीक्षेसाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन निघून जाते, आणि मुलांच्या आयुष्यातून आणखी एक मोठे माणूस नाहीसे होते. ज्यांनी अशी माणसे आधीच पुष्कळ गमावली आहेत, त्यांच्यावर हा प्रयोग करणे बरे नव्हे.

आणखी एक पथ्य आहे. ही मुले कोऱ्या पाटीप्रमाणे येतात, अशी शिक्षकाची समजूत नसावी. बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूरकडे गेले म्हणजे राठवा समाजातील मुले होळीनंतरच्या कवांटच्या मेळ्यात ढोलाच्या नादावर तासन्तास नाचताना दिसतात. कंबरेचे घुंगरू कोणत्या ठोक्यावर वाजले पाहिजेत, हे त्यांना कोणी वर्गात शिकविलेले नसते. डांगी मुलगा एकमेकांच्या खांद्यांवर चढून रचलेला मनोरा तोलून धरतो, तो समतोल पुष्कळ शहरी विद्यार्थ्यांना साधत नाही. सौंदत्तीच्या वाटेवरील जोगतिणीच्या मुलीच्या कानात चौंडक्याची लय जन्मापासून असते. या मुलांना ‘खरे नृत्य’ शिकवावयाचे असे म्हणणारा शिक्षक त्यांच्याजवळचे आहे तेही हिरावून घेईल. तिने प्रथम आपला नाच दाखवावा, शिक्षिकेने तो शिकून पाहावा, मग अडवुकडे वळावे. पहिल्या दिवशी शिक्षिकेचे पाऊल चुकले आणि मुली हसल्या, तर वर्गाचा आरंभ चांगला झाला असे समजावे.

या विषयावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, ज्यांना पोटभर अन्न नाही त्यांना नृत्य कशाला? आधी भाकरी, मग कला. आक्षेप सद्हेतूने घेतला जातो. पण तो घेणाऱ्यांनी स्वतःच्या मुलांच्या बाबतीत हा क्रम कधी पाळलेला नसतो. सक्तीचे शिक्षण आले तेव्हाही शेतात हात लागतात, पाटीपेन्सिल कशाला, असेच विचारले जात होते. भाकरीसाठी झटावे आणि वर्गही चालवावा. एकासाठी दुसरे थांबवून आजवर कोणाचे पोट भरलेले नाही. शिवाय नृत्यातही चरितार्थाची वाट आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोहोचलेली मुलगी शाळेत शिकवू शकते, स्वतःचा वर्ग काढू शकते. त्यासाठी तिच्या परीक्षाशुल्काची आणि सात-आठ वर्षांच्या सातत्याची तरतूद कोणीतरी केली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो त्या समाजांतूनच येतो. ज्या आजीने देवळात किंवा फडावर नाचताना नजरा सोसल्या, ती म्हणते, “माझ्या नातीच्या पायात चाळ नकोत.” तिला अडाणी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, परंतु तिच्याइतका या विद्येचा अनुभव सभागृहातील कोणालाही नसतो. तिच्या नकारास मान दिला पाहिजे. मुलीने डॉक्टर व्हावे, परिचारिका व्हावे, कारकून व्हावे आणि कधीही नाचू नये, असे घराने ठरविले तर तो त्यांचा हक्क आहे. ऋण फेडणाऱ्याने धनको ते कसे खर्च करील हे ठरवावयाचे नसते. मात्र आजीस वर्गात येऊन बसण्याचे निमंत्रण द्यावे. ज्या ठिकाणी तिला एखादा हस्त, एखादा ठेका आठवेल आणि ती खुर्चीवरूनच बोट हलवून “असे नव्हे, असे” म्हणेल, त्या ठिकाणी तिला गुरूचे आसन आणि गुरूचे मानधन मिळाले पाहिजे. ज्यांच्याकडून विद्या आली त्यांना शिक्षक म्हणून नेमणे, हाच या ऋणाचा पहिला हप्ता होय.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, दोषाची आहे. अनेक ठिकाणी वंचित मुलांचे नृत्य वार्षिक समारंभापुरते असते. चार दिवस तालीम, भाड्याचे रंगीत कपडे, देणगीदारांसमोर एक समूहनृत्य, टाळ्या, छायाचित्र, आणि खाऊचा पुडा देऊन पाठवणी. मुलांना आनंद होतो हे खरे. परंतु ज्या स्त्रियांना पूर्वी समारंभापुरते बोलावून नंतर दारातून परत पाठविले जाई, त्यांच्या कहाणीचीच ही बालआवृत्ती नव्हे काय? मुले कोणासमोर नाचली याची नोंद अहवालात असते. त्या वर्षात त्यांचे किती वर्ग झाले, याची नोंद क्वचितच आढळते. आश्रयदात्यांनी देणगी देताना दुसऱ्या नोंदीविषयी विचारणा केली, तर पुष्कळ सुधारणा आपोआप होईल.

आता ग्रंथालयाने यात काय करावे? बहुतेक ग्रंथालयांची सभागृहे दुपारी रिकामी असतात. आठवड्यातून दोन दुपारी ते सभागृह जवळच्या वस्तीतील मुलींसाठी उघडता येईल. एका शिक्षिकेच्या मानधनाचा कायम निधी उभारणे शंभर वर्षांच्या संस्थेस अशक्य नाही. शताब्दीच्या मंडपावर आणि भोजनावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना करून पाहावी. वर्ग सुटल्यावर मुली अर्धा तास बालविभागात बसल्या, तर त्यांच्यासाठी वेगळी वाचनमोहीम काढावी लागणार नाही. आणि त्यांच्यापैकी एखादी मोठी झाल्यावर तंजावरच्या मराठी नृत्यरचनांचे पुस्तक कपाटातून काढून मागेल. ग्रंथालयांनी ते शब्द आजवर नीट सांभाळले. पण ते म्हणून, मोजून, त्यांवर पाऊल टाकून पाहणारे देह त्यांना भेटावयाचे राहिले आहेत.

सयाजीरावांच्या काळी पेटी गावात पोहोचली की गावातील कोणीतरी, बहुधा शाळामास्तर, ती उघडून पुस्तके देण्याचे काम अंगावर घेत असे. त्याच्यावाचून त्या पेटीतील एकही पान वाचले गेले नसते. नृत्याच्या बाबतीत पेटीही तोच आणि मास्तरही तोच. त्याची नेमणूक कोण करणार आणि त्याला दरमहा वेतन कोण देणार, एवढे या शताब्दी वर्षात ठरले, तरी पुष्कळ झाले.